भिंतीपलीकडची वस्तीची गाडी

३ नोव्हेंबर
पुन्हा सरकला! दिवसभर क्युबिट, म्हणजे क्वांटम चिपवरचा तो इवला घटक, एका सुरात, अंधार पडायच्या सुमारास त्याची वारंवारता एकदम खाली, सकाळी परत जागेवर. चिपमध्ये दोष असता तर त्यानं अशी वेळ पाळली नसती. चिप थंड ठेवणाऱ्या फ्रिजचा पंप ठीक आहे — तो मी कानानंच तपासतो. डिचोलीला बाबांच्या गॅरेजात खाणीचे ट्रक ऐकत वाढलो. बेअरिंग ओरडायच्या आधी मला कळतं. हे मात्र कळत नाही.

बेंगळुरूच्या कंपनीची माणसं २४ तारखेला येणार. रात्रभर क्युबिट जागचा हलता कामा नये, एवढीच त्यांची अट. नाही हलला तर पुढच्या चिप्स माझ्याकडून घेतील. हलला तर माझी प्रयोगशाळा, म्हणजे ही काजूची जुनी शेड, परत काजूवाल्याला.

५ नोव्हेंबर
संध्याकाळी सगुण, बसचा ड्रायव्हर. नेहमीसारखी गाडी माझ्या भिंतीला लावून. म्हापशाहून शेवटची फेरी आणतो, रात्री गाडीतच झोपतो, पहाटे पहिली फेरी घेऊन जातो. घर तिकडे वेंगुर्ल्याकडे. अख्ख्या कोरगावात मला 'सर' न म्हणणारा हा एकटाच. त्यानं उंडे पाव आणले, मी चहा केला. कंडक्टरची सोयरीक कशी मोडली ते नकलेसकट सांगून झालं. मग फ्रिजकडे बोट —

"इतक्या थंड करून करतंस काय रे गोकळा? एक बियर ठेवूक देणस नाय."

हसलो. आठवड्यात पहिल्यांदा.

तो गाडीत झोपायला गेल्यावर आकडे बघितले. सरकला होता. गाडी लागली त्याच मिनिटाला.

६ नोव्हेंबर
गाडीच! एवढं लोखंड भिंतीला टेकलं की चुंबकक्षेत्र बदलणारच, शाळेतलं पोर सांगेल. मला इतके दिवस का कळलं नाही? कारण गाडी मी गाडी म्हणून ऐकतच नव्हतो. ती आली म्हणजे सगुण आला.

७ नोव्हेंबर
पल्लवीचा फोन, पुण्याहून. बायकोला तरी सांगावं म्हणून सांगितलं, कारण सापडलं. "मग आता?" म्हटलं, चिपभोवती आणखी एक कवच बसवायचं तर तीन-चार महिने लागतील. गाडी हलवायची तर एक वाक्य पुरे. ती म्हणाली, "तुझ्याशी बोलताना मागे सारखा पंप ऐकू येतो. बाकी कुणाचा आवाज म्हणून नाही."

रेंज नाही असं सांगून ठेवला. रेंज होती.

९ नोव्हेंबर
सांगितलं. दारातच, उभ्या उभ्या. सगुण, लोखंड जवळ आलं की माझं यंत्र बिघडतं. २४ तारीखही सांगितली.

त्यानं गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आधी सांगूचा नाय?" आणि लगेच आपणच हसला — तुझी मशीन म्हणजे नवी सून मरे, भायरचा कोण इला की तिचा डोक्या दुखता. गाडी आता चोपड्याला नदीकडे लावणार, मालकाशी तो बोलेल. तू मात्र येत जा, म्हटलं मी. मान हलवली. चहाला थांबला नाही. गाडी वळवताना हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

१० नोव्हेंबर
हलला नाही. सरळ रेघ.

१३ नोव्हेंबर
रोज सरळ रेघ! इतका सुंदर आलेख मी आयुष्यात काढलेला नाही. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराला म्हटलं, आज फार चांगलं झालंय. त्यानं सायकल थांबवून विचारलं, "कितें, पाव?"

१७ नोव्हेंबर
ती गाडी लांबूनही ओळखू येते. चढणीला दुसऱ्या गिअरवर टाकताना जरा कुरकुरते. तिठ्यावर थांबते, उतारू उतरतात, थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग वळून चोपड्याकडे. इकडे कुणी येत नाही.

रागावलाय. रागावणारच. पोटापाण्यासाठी आपण माणसाला दारातून परत पाठवला, कितीही गोड बोलून पाठवला तरी.

१९ नोव्हेंबर
चोपड्याला जाऊन यावं म्हणून स्कूटर काढली. काय सांगणार? की कामात अडथळा नको, पण गप्पांना ये? बंद केली. जेवलो नाही. भूक नव्हती असं नाही, एकट्यानं ताट वाढून घ्यायचा कंटाळा.

२४ नोव्हेंबर
आले, बघितलं, पसंत पडलं. काल रात्रभराची रेघ त्यांनी तीनतीनदा तपासली. त्यातला मोठा साहेब म्हणाला, इतकी शांत जागा तुम्हाला मिळाली कशी? नशीब, म्हटलं. हात मिळवून पणजीला हॉटेलात गेले. शेड राहिली! पल्लवीला फोन लावला, उचलला नाही. वर्गावर शिकवत असेल. मग बराच वेळ पंप ऐकत बसलो. ठणठणीत आहे.

२५ नोव्हेंबर
सगुण आला. चालत, एका हातानं पँट धरून. पट्टा नाही — बक्कल लोखंडाचं. तो आणि गाडीच्या चाव्या तिठ्यावर सुलोचनाबाईंच्या दुकानात ठेवून आलेला. फाटकाबाहेरूनच विचारतो —

"आता चलात मां, गोकळा? दोनदा हयसर इलंय. खिशात चावी होती, म्हणान परत गेलंय."

चावीनं काही होत नाही. हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.