मनीच्या नाकातला नमुना

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र पशुवैद्यांच्या हाती पाठवतेय. फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड.

तुझ्या कोंबड्यांचे नमुने प्रयोगशाळेत आले, तेव्हा साहेब म्हणाले, भावाचं काम आहे, दुसऱ्या कुणाकडे देतो. मीच नको म्हटलं. तीनदा तपासलं, तिन्ही वेळा बर्ड फ्लू. अहवालावर सही माझी आहे. सगळ्या कोंबड्या माराव्या लागून चारही शेड रिकाम्या झाल्या त्या दिवशी तू फाटकाशी मला म्हणालास, सख्खी बहीण असून... पुढचं गिळलंस. ते वाक्य मी रोज मनात पुरं करते. तरी तीच सही मी पुन्हा करेन.

परवा वहिनीनं फोनवर तुझ्या मनी मांजरीबद्दल सांगितलं. मेलेली कोंबडी चघळताना दिसली म्हणून तू तिला हाकललंस, आणि आठवड्याभरात ती भिंतीला धडकत फिरू लागली. गेल्यावर तू तिला परसात पुरणार होतास. वहिनीनं हट्टानं पशुवैद्यांना बोलावलं, म्हणून तिच्या नाकातला नमुना माझ्यापर्यंत पोचला.

हा विषाणू मुळात पक्ष्यांचा. त्यांचं अंग आपल्यापेक्षा गरम, आणि त्या उबेत तो भराभर वाढतो. आपल्या नाकातल्या गारव्यात त्याचं सहसा फारसं चालत नाही. पण स्वतःच्या नकला काढताना तो सतत चुका करतो, आणि एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. मनीच्या नमुन्यात तशी एक सापडली. कोंबड्यांत ती नव्हती. त्या चुकीमुळे त्याला गारव्यातही वाढणं जमू लागतं. माणसामाणसांत पसरायला अजून बरेच बदल लागतात, घाबरू नकोस. पण एक पायरी तो तुझ्या अंगणात चढलाय.

शेवटचे दोन दिवस मनीला मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी कोण पाजत होतं, तेही वहिनीनं सांगितलं. आणि कालपासून तुझे डोळे लाल आहेत, अंगात कणकण आहे, तू धुळीचं निमित्त सांगतोयस, हे आज सकाळी तिनंच कळवलं. औषध लवकर सुरू झालं तर नीट लागू पडतं. तासाभरात मी डॉक्टरांना घेऊन येतेय. तोवर वेगळ्या खोलीत बस, लेकीला जवळ घेऊ नकोस. हाकललंस तरी मी हलणार नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, घशातला नमुना घ्यायला नुसतं तोंड उघड.

तुझीच,
धाकटी