पहिल्यानंतर दहावा अध्याय

डोंबिवली पूर्व
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

ती. मालनताईस,

धाकट्या नयनचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक. ह्यांच्या ड्युट्या चालू आहेत, जागृतीची परीक्षा तोंडावर आली आहे. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहितेय, हसू नकोस. शेजारच्या गोदाकाकू संध्याकाळी तुमच्या टिटवाळ्याला लेकीकडे जाताहेत, त्यांच्या हाती देते. फोनच केला असता, पण जागृती समोरच अभ्यासाला बसलेली असते.

ताई, विचारायचं असं की, पारायणात अध्याय मागेपुढे झाले तर काय होतं गं?

आमच्या भजनी मंडळातल्या एकीच्या छातीत गाठ निघाली. तिच्यासाठी मी आपल्या गावदेवीच्या पोथीचं पारायण धरलं. मंगळवारपासून, रोज तीन अध्याय, सात दिवसांत एकवीस. तिचा रिपोर्ट सोमवारी, समाप्तीच्याच दिवशी.

पोथी तुझ्याकडे. आई गेल्यावर तू ती नेलीस तेव्हा मी चारचौघांत म्हटलं, "मोठेपणा मिरवायला नेतेस." त्यानंतर मागायला मला तोंड नव्हतं. गावच्या ग्रुपवर कोणीतरी अध्याय टाईप करून टाकलेले, त्या एकवीस फायली मी घेतल्या. फोनवरच्या पोथ्यांच्या अ‍ॅपमध्ये मोठ्या देवांचं सगळं आहे, आपली गावदेवी तिथं कुठली असायला! ती हातानं घालावी लागते. फाइल उतरवायची, अ‍ॅपचं फोल्डर शोधून त्यात नेऊन ठेवायची, अ‍ॅप बंद करून परत उघडायचं. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर हे सगळं लिहून घेतलं आणि अंघोळ करून एकवीस वेळा केलं. जागृती म्हणाली, "मम्मी, तू तर भारीच निघालीस!" हे म्हणाले, "आता देवीलापण रिचार्ज मारायला लागणार." मीही हसले.

अक्षरं मोठी केल्यावर अध्यायाचा आकडा पडद्याच्या वर निघून जायचा. एक अध्याय संपला की बोट सरकवायचं, पुढचा यायचा. आई वाचायची तेव्हा तू तिला चिकटून बसायचीस, मी मात्र प्रसादापुरती जागी. त्यामुळे मला काही खटकलं नाही. काल, चौथ्या दिवशी, पोथीतल्या चंद्राईचं लग्न लागलं. ताई, त्याच चंद्राईला मी गुरुवारी खाडीत बुडून मेलेली वाचलं होतं!

जागृतीला दाखवलं. म्हणाली, "अगं मम्मी, फोन आकडेपण अक्षरांसारखे लावतो. एकच्या मागे दहा, अकरा असं एकोणीसपर्यंत, मग दोन. नावं ०१, ०२ अशी द्यायची ना! त्यात काय एवढं?" आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मी बोटांवर दिवस मोजले.

चंद्राई मरते तो सोळावा. रविवारी यायचा तो गुरुवारी आला. आणि गुरुवारीच दुपारी कल्याणच्या दवाखान्यात गाठीतला तुकडा काढला. बधिर करतात, पण सुई सुटताना खटकन आवाज होतो. मी छताकडे बघत होते आणि मला खाडीचं पाणीच दिसत होतं.

लिहून गेले बघ. आता खोडत नाही.

मंडळातली कोणी नाही, ताई. गाठ माझी आहे. डाव्या बाजूला. दिवाळीत उटणं लावताना हाताला लागली. मंडळात जाते सांगून तीनदा कल्याणला जाऊन आले. ह्यांना सांगायला जीभ उचलत नाही. रोज जेवताना वाटतं, आज सांगू, आणि मी भाजीच वाढत बसते.

त्याहून वाईट सांगते. संकल्प सोडतानाही मी "एका बाईसाठी" एवढंच म्हटलं. स्वतःसाठी मागायची लाज वाटली. आता भीती वाटते, देवीला कळलं असेल का कोणती बाई ते?

काल सगळ्या फायलींना नवी नावं दिली, जुन्या काढून पुन्हा घातल्या. आता क्रम बरोबर लागलाय. पण पहिल्यापासून धरायचं तर सोळावा पुन्हा यायचा. आज समई लावून बसले, फोन हातात घेतला आणि तशीच उठले. खंड पडला. कधी नव्हे ते मी देवापुढून पळाले.

सोळाव्याच्या पुढचं मला काही आठवत नाही. सतरावा त्याच दिवशी वाचला, अठरावा-एकोणिसावा काल, पण डोक्यात काही शिरलं नाही. लहानपणी आई पुढे काहीतरी वाचायची आणि बायका डोळे पुसता पुसता हसायच्या, एवढंच आठवतं. का हसायच्या गं? तुला सगळं पाठ आहे. मी उघडून बघू शकते, पण बघायची हिंमत होत नाही.

तू ये. उद्याच ये, राहायला. ह्यांना तूच सांग, मी स्वयंपाकघरात उभी राहीन. सोमवारी अकराला रिपोर्ट देणार आहेत, तेव्हा माझ्याबरोबर चल. पोथी आणलीस तर आण, नाही आणलीस तरी ये. त्या बोलण्याचा राग अजून असेल तर रागावूनच ये. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन. फक्त माझा नंबर पुकारतील तेव्हा माझा हात सोडू नकोस.

फार घाबरलेली,
तुझी नयन