रेंजर साहेबांची वगळलेली सहा प्रकरणं

प्रिय भाऊ,

तू ती गोष्ट वगळलीस की मला? वर्षभर हा प्रश्न उलटसुलट करून पाहते आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी. आलापल्लीकडच्या आश्रमशाळेत तासिकेवर इंग्रजी शिकवते, पोरांच्या वह्यांत चूक की बरोबर ते लाल शाईनं सांगते. या एका प्रश्नापुढे मात्र माझी वही कोरी आहे. म्हणून तुलाच विचारते.

आजच का लिहिते आहे? कारण परवा तुझं वर्षश्राद्ध झालं, आणि नेमका त्याच दिवशी तुला निरोप आला.

तुझा मोबाईल माय अजून दर रविवारी चार्ज करते. त्यात तुझे फोटो आहेत म्हणून. परवा पत्रावळी मांडून झाल्या होत्या, पाहुणे हात धुऊन बसत होते आणि कोनाड्यातून तो वाजला. मायनं तो आणून माझ्या हातात दिला. खेळातल्या तुझ्या नावानं इंग्रजीत लिहिलं होतं, मरळ, तुझे मित्र पुढे निघून गेले, एका टॅपमध्ये वीस लेव्हल चढ आणि त्यांना गाठ. शेजारी हसरं चित्र.

"कोणाचा निरोप आहे व?" मायनं विचारलं.

मी म्हटलं, "भाऊ खेळायचा ना, त्या खेळाच्या कंपनीचा."

तिनं त्या हसऱ्या चित्रावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्यायले कोणी सांगतलं नाई का?"

भाऊ, काय सांगायचं होतं मी तिला? की त्यांना सांगून काही उपयोग नाही? की त्यांच्या लेखी तू मेला नाहीस, नुसता मागे पडला आहेस, आणि मागे पडलेला माणूस म्हणजे त्यांचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक? मी मोबाईल परत कोनाड्यात ठेवला. पंगतीत वाढायला गेले. भात वाढताना मला रडू येत नव्हतं, राग येत होता.

तुला आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? तुला रक्ताचा सिकलसेल आजार, थंड पाण्यात उतरायची मनाई. बाबा आणि काका तलावात जाळी टाकायचे आणि तू पाळीवर, तलावाच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली बसून फाटकी जाळी विणायचास. गावात मोबाईलला रेंज मिळायची तीही त्या पाळीवरच. तिथं तुला हा खेळ सापडला. एक माणूस निवडायचा, त्याला लढवत, शिकवत एकेक लेव्हल वर न्यायचा आणि वाटेत एक लांबलचक गोष्ट उलगडत जायची. गोष्ट सगळी इंग्रजीत. तुला अक्षरं लागायची, शब्द लागायचे नाहीत. मी नववीत होते, माझ्याकडे शाळेतला शब्दकोश होता.

पहिल्याच पानावर विचारलं होतं, तू कोण होणार? योद्धा, जादूगार की रेंजर? शब्दकोश न उघडता मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "रेंजर म्हणजे फारेष्टचा साहेब." दुसरं काय सांगणार? आपल्याकडे रेंजर म्हणजे ज्याच्या धाकानं मोळी घेऊन आडवाटेनं यायचं तो माणूस. तू इतका हसलास की हातातली जाळ्याची सुई खाली पडली.

"मंग मले रेंजरच कर," तू म्हणालास. "एकदा तरी आपणच रेंजर."

आणि मग मी सगळी गोष्टच तशी सांगत गेले. त्याच्या हातातलं धनुष्य सरकारी झालं. राजानं दिलेलं फर्मान म्हणजे बदलीचा आदेश. राजा स्वतः नागपूरचे मोठे साहेब. गावातली पोरं तुला रेंजर साहेब म्हणू लागली, आणि एकदा बाबांनीही हाक मारली, "साहेब, जेवाले चला." बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मला कळलं की त्या खेळातला रेंजर म्हणजे रानोमाळ भटकणारा तिरंदाज, खाकी कपड्यांतला साहेब नव्हेच. मी शरमून तुला सांगितलं तर तू म्हणालास, राहू दे, आपला रेंजरच बरा आहे.

नाव तू मरळ ठेवलंस. तलाव आटला तरी चिखलात तग धरून राहणारा मासा. मी तेव्हा हसले होते.

गोष्ट तेरा प्रकरणांची होती. एक नदी आटते आणि रेंजर उगमाकडे चालत निघतो, पाणी कोणी अडवलं ते शोधायला. सोबत एक मुका नावाडी. सात प्रकरणं आपण दोघांनी वाचली, किती वर्षं लागली त्याला! मी अडखळत वाचायची, तू मध्येच थांबवायचास, नावाडी बोलत नाही तर त्याच्या मनातलं रेंजरला कसं कळतं असं विचारायचास. कॉलेजात सर म्हणाले, तुझं इंग्रजी कुठे तयार झालं? मी म्हटलं, तलावाच्या पाळीवर. वर्ग हसला. खोटं होतं का ते?

आणि तुझ्या लेव्हली! तुला प्रत्येक लेव्हलचा दिवस ठाऊक होता. विसावी भाताच्या रोवणीच्या दिवसांत. तिसावी माझ्या बारावीच्या निकालाला. चाळिसावी दवाखान्यातून घरी आलास त्या आठवड्यात. हात दुखायचे म्हणून एकेक लढाई तीन तीन दिवस पुरवून लढायचास.

तू गेल्यावर महिन्याभरानं मी खेळ उघडला. उरलेली सहा प्रकरणं वाचावीत, तुझ्याऐवजी तरी शेवट पाहावा म्हणून. आणि काय दिसलं? आठव्यापासून तेराव्यापर्यंत प्रत्येकापुढे एकच शब्द. वगळले. मरळ एकेचाळीसवरून एकदम साठाव्या लेव्हलला पोचलेला. मी कधी न पाहिलेल्या दरवाजापुढे, ओळखू न येणाऱ्या चकचकीत चिलखतात उभा. त्या मधल्या एकोणीस लेव्हलींना एकही दिवस नव्हता, भाऊ. ना रोवणी, ना निकाल, ना दवाखाना.

तू ते विकत घेतलं होतंस. किंमत पाहिली मी, इथं लिहीत नाही. माझा राग किमतीवर नाही. मी तुला शिव्या दिल्या, खरंच, बंद खोलीत, मोठ्यानं. माझी वाट पाहवली नाही तुला?

मग मी सागरभाऊंना फोन लावला. खेळातल्या तुझ्या टोळीतले, बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत कामाला असणारे. तुम्ही कधी भेटला नाहीत, तरी तू गेल्याचं ऐकून ते फोनवर रडले होते. त्यांच्याकडून कळलं की खेळात नवा भाग आला आणि सगळे तिकडे गेले. जुनी गोष्ट संपवल्याशिवाय तिथं शिरता येत नव्हतं.

"तो मागंच एकटा फिरून राह्यला होता, ताई," ते म्हणाले. "रोज विचारे, कोणी येता का. मंग म्याच म्हटलं, घेऊन टाक ना बे."

मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, गोष्टच वगळायची तर खेळायचं कशाला? मेहनतीनं मिळवायची लेव्हल विकतच मिळत असेल तर तिला अर्थ काय? ते म्हणाले, ताई, खाणीतून घरी आल्यावर माझ्याजवळ एक तास असतो, त्यात मी तेरा प्रकरणं कधी वाचू? मीही विकतच घेतलं.

"तुमी मास्तरीण आहा, तुमाले गोष्ट पायजे. आमाले दोस्त पायजेत."

 दोस्त हवेसे वाटणं चूक कसं म्हणू? पण नंतर बस आलापल्लीच्या सागवानातून जात असताना राग पुन्हा उसळला, आणि या वेळी तो सागरभाऊंवर नव्हता. अरे, दोस्तांकडे जायची वाट अडवली कोणी? त्या कंपनीनंच ना? आधी दारं अशी लावायची की मागचा माणूस एकटा पडावा. मग त्याच्या एकटेपणापाशी येऊन आडवाट विकायची. दार उघडंच ठेवा की! ज्याला गोष्ट नको त्याला फुकट जाऊ द्या, ज्याला हवी त्याच्यासाठी ती जपून ठेवा. आणि गोष्ट इतकी लांब, कंटाळवाणी झाली आहे असं तुम्हालाच वाटतं, तर ती चांगली करा. स्वतःच रचलेली गोष्ट टाळायचे पैसे मागताना लाज नाही वाटत?

आपल्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत नाटकाला उशिरा आलेल्या माणसाचं काय होतं, ते तुला माहीत होतं. दुसरा अंक सुरू असला तरी चटईवरचा माणूस सरकून जागा देतो आणि कानात सांगतो, हा त्याचा सावत्र भाऊ, यानं मघाशी खोटी सही केली. तू तर अनोळखी माणसालाही पूर्ण पहिला अंक सांगायचास, पुढच्या रांगेतले लोक वळून डोळे वटारेपर्यंत. उशिरा आलेल्याला आपण नाटक असं देतो. त्याला कोणी म्हणत नाही की पहिला अंक पाहायचा नसेल तर वेगळं तिकीट काढ.

फोन ठेवताना सागरभाऊ आणखी एक बोलले. "त्यानं आमाले बजावून ठेवलं होतं, शेवट कोणी सांगू नोका. माही बहीण सुट्टीत येईन अन् वाचून सांगन."

म्हणजे तुला वाटत होतं, आधी दोस्तांकडे जाऊ आणि गोष्ट मागाहून माझ्यासोबत वाचू. हो ना? मी कंपनीला लिहिलं, माझा भाऊ वारला आहे, त्यानं वगळलेली प्रकरणं उघडून द्या. मिनिटाभरात यंत्राचं उत्तर आलं. वगळलेली कथा परत मिळत नाही, तशी सूचना बटणाखाली दिलेली आहे. दिलेली आहे, खरंच. बटण सोनेरी, हातभर. सूचना त्याच्याखाली राखाडी, मुंगीएवढी, इंग्रजीत. तू फक्त मोठी अक्षरं वाचलीस.

हे मला कसं ठाऊक? कारण ती मोठी अक्षरं तूच मला वाचून दाखवली होतीस.

तो फोन आठवतो का? मी गडचिरोलीच्या अभ्यासिकेत होते, परीक्षा तोंडावर होती. तू म्हणालास, एक शब्द सांग, आणि एकेक अक्षर म्हणू लागलास. सी, ए, टी, सी, एच. मग थोडं सोडून यू, पी. मी कुजबुजत, घाईघाईनं सांगितलं, "कॅच अप. म्हणजे गाठणं. मागं राहिलेल्यानं पुढच्यांना गाठणं."

"मंग चांगलंच आहे," तू म्हणालास. "बरं, अभ्यास कर."

मी विचारलं नाही की हे कुठे लिहिलं आहे. बाकीचं वाच, खालचं बारीक वाच, असं म्हटलं नाही. एरवी मी ओळ पूर्ण ऐकल्याशिवाय अर्थ सांगायची नाही, त्या दिवशी सांगितला. तीन आठवड्यांनी थंडीत तुझं दुखणं उलटलं आणि तू गेलास. पाळीवर बसून मी तुला हजारो शब्द सांगितले, भाऊ, नदीचे, नावाड्याचे, राक्षसांचे. शेवटचा शब्द सांगितला तो त्यांच्या जाहिरातीचा! त्यांचं बटण मीच तुला मराठीत करून दिलं.

आणि तू तरी का नाही बोललास? "पुने, मी एकटा पडलो" एवढं म्हणायला काय झालं होतं? मी आले असते. आले असते का? बघ, हेही मला छातीठोक सांगता येत नाही. म्हणूनच वरचा प्रश्न तसाच राहतो. तू मला वगळलं नसशीलही. कदाचित मीच अभ्यासाच्या नावाखाली तुला वगळत होते, आणि ते बटण फक्त आपल्या दोघांच्या मध्ये बरोबर जागा शोधून बसलं.

पण राग मी सोडणार नाही. तू असतास तर म्हणाला असतास, जाऊ दे व. नाही जाऊ देणार.

वचन देते, ऐक. तेराही प्रकरणं, एक ओळही न गाळता, पाळीवर बसून, आपल्या बोलीत, मोठ्यानं वाचीन. आठव्यापासूनची सहा तुझ्या हक्काची. तोवर शेवट दुसरीकडे शोधणार नाही, कोणाकडून ऐकणार नाही. मरळ ज्या दरवाजापुढे उभा आहे तिथवर एकेक लेव्हल चढत येईन. गाठणं म्हणजे काय ते तुला अर्धवट सांगितलं होतं, आता नीट करून दाखवते.

आणि हे नुसतं बोलणं नाही. मरळला हात न लावता, काल दुपारी मोहाखाली बसून माझ्या मोबाईलवर नवा रेंजर केला. लेव्हल एक. खेळानं तीन वेळा विचारलं, थेट वर जायचं का, तीन वेळा नाही दाबलं. मग पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. माय शेंगा सोलायला शेजारी येऊन बसली. थोडं ऐकून म्हणाली, "रेंजर म्हणजे आपला फारेष्टवालाच ना व?"

इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी म्हणाले, "हो माय, तोच."

आणि पुढची ओळ वाचली.

तुझीच,
पुनी