हात बदलला तरी ओढ डावीकडंच

प्रिय विशाखा,

अक्षर ओळखलं असशील तर लगेच हसू नको, आधी पुरतं वाच. मी सांगेन तेवढंच लिहायचं, असं कबूल करून लिहिणारा बसलाय. फोन तू उचलत नाहीस. म्हटलं, कागद काय तुला कट करता येत नाय.

माझ्या भावाला भेटायला आपण बिडकीनच्या पुढं गेलो, तेव्हा रस्ता सोडून नाल्यातल्या दगडांतून तू जीप काढलीस. कवळी हातात धरून बसले होते, तरी लई मजा आली. त्या दिवसापासून जीप डावीकडं ओढायला लागली आणि तुझा बाप सगळ्यांसमोर म्हणाला, गाडीत काय नाय, पोरीचा हातच वाकडा. तू चावी फ्रिजवर ठेवलीस आणि पुण्याला गेलीस. आता तुझी आई सरिता सांगते, गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासायची नोकरी मिळतीय, पण जीप स्वतः चालवावी लागते म्हणून तू येत्या सोमवारी नकार कळवणार.

म्हणून गेल्या रविवारी सकाळी मी तुझ्या बापाला जीप काढायला लावली. मोकळा रस्ता बघून म्हटलं, अभय, हात जरा सैल सोड. सोडला. जीप निघाली थेट दूधवाल्याच्या मोटरसायकलीकडं. हात बदलला तरी ओढ डावीकडंच. इथं लिहिणारा थांबलाय. लिही रे.

मग तुझा बाप म्हणाला, हवा कमी असेल. बघितली, दोन्हीकडं सारखी. मग पुढची दोन टायरं अदलाबदल केली. दोष टायरचा असता तर ओढ उजवीकडं गेली असती, ती काय गेली नाय. वर गाडी सरळ चालली तरी स्टिअरिंग तिरकं, मानपान न मिळालेल्या व्याह्यासारखं. शेवटी गारखेड्यात बन्सीच्या गॅरेजला नेली. तो खाली शिरला आणि म्हणाला, डाव्या चाकाचा टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, वाकलाय, दगड लागलाय. आधी रॉड बदलू, मग अलाइनमेंट, चाकं मापून सरळ करू. वाकडं आत ठेवून माप घेण्यात अर्थ नाय. मी नुसतं तुझ्या बापाकडं बघितलं.

आता जीप सुतात चालते. दगड तुझ्याच हातून लागला, ते खोटं कशाला बोलू. पण चुलीपाशी बसणारीलाच चटका बसतो, म्हणून कुणी तिचा हात वाकडा म्हणत नाय. सोमवारी होकार कळव. पहिल्या सुट्टीला ये, पुढची सीट माझी.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. मला लिहिता येत नाय, आणि तुझ्या बापाला चूक झाली असं तोंडानं म्हणता येत नाय. दोघांचं एका कागदावर भागलं. गाडीत दोष होता, पोरीच्या हातात नव्हता, ही ओळ मी एकदाच सांगितली. मला वाचता येत नाय, पण पेन तिच्यावरून दोनदा फिरलेला मी बघितलाय.

जय भीम.

तुझीच,
पारूआजी