बियाणं चांगलं आहे, असं सांग

पोशेरा, १२ मे २०२५

चि. उमेशला अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाड्यावर रेंज नाही, म्हणून जव्हारला निघालेल्या सपनाच्या हाती पत्र देतेय. तू बियाणे कंपनीचा मॅनेजर झाल्यापासून माझा भाव वधारलाय. टँकरवर बाया मला हंडा पुढे लावू देतात! तुम्ही पाठवलेलं नाचणीचं बियाणं घरोघरी पोचलं. आईच्या सवयीने मी मूठभर ओल्या फडक्यात बांधून ठेवलं, तर निम्म्यालाही मोड आले नाहीत. माझंच काही चुकलं का?

जेवण वेळेवर कर.

तुझी रूपीताई


जव्हार, १७ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू अजून तशीच शंकेखोर! फडकं सुकलं असेल. गेल्या वर्षी गोदामात पाणी शिरलं, तेव्हा कुणाला कळायच्या आत मी सगळा माल बदलला. साहेब म्हणाले, मॅनेजर असावा तर असा. वाईट बातमी सांगितली की लोक घाबरतात, कंपनी मोडते. ती आपणच निस्तरायची. कुणी विचारलं तर बियाणं चांगलं आहे, असं सांग.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा उमेश


पोशेरा, २८ मे

चि. उमेशला आशीर्वाद.

तुझ्या शब्दावर मी सगळ्यांना तसं सांगितलं. चुलीवर धुरात टांगलेली घरच्या बियाण्याची कणसं यंदा कुणीच राखली नाहीत. पाड्यावरच्या पोशीच्या लग्नात भाकरीला दळून टाकली. पाड्यातले जुने जाणते बारक्याकाका म्हणाले, मॅनेजरची बहीण सांगते म्हणजे झालं. रोपं करायचे राब पालापाचोळा जाळून, भाजून तयार आहेत. मोड न आलेले ते दाणे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. खरं काय ते लिही.

तुझी ताई


जव्हार, २ जून

ताई,

कुणाकडे घरची कणसं उरली असतील तर दळण थांबव! बियाणं उगवत नाही हे मार्चमध्येच तपासणीत कळलं होतं. नाशिकहून दुसरं आणून गुपचूप बदलून देणार होतो. व्यापाऱ्याने काल हात वर केले. मला थोडे दिवस दे, मी काहीतरी करतो. तोवर कुणाला कळू देऊ नकोस.

उमेश


पोशेरा, ११ जून

चि. उमेश,

तुझं पत्र आलं तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. राबात तुरळक हिरवं दिसतंय, बाकी नुसती राख. काल शेजारच्या बायडीने विचारलं, कधी उगवणार? उगवेल गं, असं माझ्या तोंडून सहज निघालं आणि मला माझीच भीती वाटली. म्हणून आज सकाळी सगळ्यांना खरं सांगून टाकलं.

कुणी शिवी दिली नाही, कुणी रडलंही नाही. सगळे उठले आणि राबाच्या बांधावर जाऊन बसले. मी विचारलं तेव्हा बारक्याकाका एवढंच म्हणाले, की उमेशची वाट बघतोय. हे लिहितेय तरी ते तिथेच बसलेत.

ये. लोभाचं तू आल्यावर बघू.

रूपी