सोनमचा पासपोर्ट

शारजा,
२१ एप्रिल २०२५

चि. सौ. शुभ्रा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही सर्व जण सुखरूप पोहोचलो. तिकडे अमेरिकेत, चार्ल्स्टनमध्ये तू मला दहा दिवस हिंडवलेस, त्याबद्दल फोनवर आभार मानले होतेच. परंतु फोनवरचे बोलणे विरून जाते, म्हणून हे पत्र. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या बाईला प्रत्येक गोष्ट लेखी लागते, असे तू म्हणशील. म्हण.

जे पाहिले त्याविषयी माझे मत नोंदवते. व्हाइट पॉइंट गार्डन सुंदर आहे. मात्र मुलांनी तिथल्या जुन्या तोफांवर बसून घोडा-घोडा खेळावे हे मला रुचले नाही. त्या अवाढव्य एंजल ओक वृक्षाचे वय कोणी चारशे सांगतो, कोणी पंधराशे. अकराशे वर्षांची तफावत असलेल्या विधानाला माहिती म्हणत नाहीत. नदीकाठच्या जुन्या भातमळ्यावरची अझेलियाची बाग मात्र निर्विवाद. आणि तिच्यामागची ती गुलामांची विटांची घरे! विटा ओल्या असताना उमटलेले त्यांच्या बोटांचे ठसे तसेच राहिले आहेत. त्यांतला एक इतका लहान होता की मी माझी करंगळी त्यावर ठेवून पाहिली आणि लगेच काढून घेतली.

आपल्या गटातले ते टोपीवाले गृहस्थ म्हणाले होते ना, की या मळ्यावरची माणसे सुखातच असणार, कारण कोणी पळून गेल्याची नोंद नाही. मी त्यांना सांगितले की ज्याला जाता येत नाही त्याच्या राहण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. माझे इंग्रजी जुन्या वळणाचे, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मला आवडल्या, हे कबूल करते.

इकडचे सर्व ठीक. शार्दूल आणि सूनबाई संजना सकाळी सहालाच दुबईच्या ट्रॅफिकला सामोरे जातात. रेयांश आजीच्या मराठीला इंग्रजीत उत्तरे देतो. आमच्याकडे पाच वर्षे घरकामाला राहणाऱ्या सोनमने परवा नेपाळला जाण्यासाठी रजा मागितली. दहा जूनला तिच्या मुलीचे लग्न आहे. मी तिला समजावले की करार सप्टेंबरपर्यंतचा आहे, आणि रजेवर गेलेल्या बाया परतत नाहीत हा आमच्या इमारतीतल्या सर्वांचा अनुभव आहे. ती पुन्हा भांड्यांकडे वळली. तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात आहेच, पैठण्यांखाली, सुरक्षित. शार्दूलच्या भाषेत सांगायचे तर मॅटर खलास.

चि. अनन्येस आशीर्वाद. सतीशरावांना नमस्कार सांग. लोभ आहेच, तो असाच वाढता राहो.

तुझी,
अनुराधामावशी


चार्ल्स्टन,
६ मे २०२५

ती. मावशीस,
शुभ्राचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. सतीशचं म्हणणं, ते फ्रेम करून इथल्या टुरिझम ऑफिसला पाठवावं. ओकच्या वयावरून त्यांची झोप उडेल. तो स्वतः तुझ्यासमोर दहा दिवस जपून बोलत होता, आता पुन्हा बिनधास्त चुकीची विधानं करायला लागला आहे. तुझी बीपीची गोळी वेळेवर चालू आहे ना? तुझी शाल इथेच राहिली आहे. ती मी पाठवणार नाही, तूच न्यायला ये.

एक गोष्ट लिहायची आहे आणि कशी लिहू ते सुचत नाही. अनन्याने शाळेत त्या भातमळ्यावर प्रोजेक्ट केलं. तू त्या गृहस्थांना सुनावलेलं वाक्य तिने पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत घातलं, खाली ‘अनुराधा आजी, शारजा’. टीचरनी फार कौतुक केलं. म्हणून रात्री जेवताना मी तुझं पत्र तिला वाचून, इंग्रजीत समजावून सांगत होते. शेवटच्या भागाआधी थांबायला हवं होतं.

तिने विचारलं, सोनमआंटीचा पासपोर्ट आजीच्या कपाटात कशाला. मी म्हटलं, हरवू नये म्हणून, तिकडे सगळेच ठेवतात. मग तिने विचारलं, आंटीला हवा तेव्हा तो घेता येतो का. मी तिला वरण संपवायला सांगितलं. तिने फोन काढला आणि म्युझियममधल्या त्या तांब्याच्या बिल्ल्याचा फोटो बघत बसली. आठवतो ना? शहरात कामाला पाठवलेल्या गुलामांना बाळगावा लागणारा, नंबर, वर्ष आणि ‘नोकर’ एवढंच कोरलेला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर स्लाइडवर वाक्य होतं, खालचं तुझं नाव नव्हतं.

मावशी, मी तुला बोल लावत नाही. मीही तुमच्याकडे तीन आठवडे राहिले, सोनमच्या हातचा चहा प्यायले, आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही. मुलीला पडला.

रागावलीस तरी पत्र लिही. अबोला मात्र धरू नकोस, एवढं मागणं.

तुझी,
शुभ्रा


शारजा,
२० मे २०२५

चि. सौ. शुभ्रा हिस,
आशीर्वाद.

पत्र पावले. अनन्येच्या प्रश्नाला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे, ते पुढीलप्रमाणे.

पहिला मुद्दा. गुलामाला विकले जाई. सोनम स्वतःच्या निर्णयाने आली, तिला पगार आहे, स्वतंत्र खोली आहे, शुक्रवारची सुट्टी आहे. भिन्न जातीच्या दोन गोष्टींची तुलना करणे हा प्राथमिक दोष होय.

दुसरा मुद्दा. पासपोर्ट मी हिसकावलेला नाही. विमानतळावरून घरी आल्यावर तिने तो आपण होऊन माझ्या हाती दिला. नोकराचा पासपोर्ट मालकाने ठेवणे इथल्या कायद्याला मान्य नाही, असे संजना एकदा म्हणाली होती. त्यावर मी तिला हेच उत्तर दिले होते की संमतीने दिलेली वस्तू ठेव असते.

तिसरा मुद्दा. पाच वर्षांत तिने तो एकदाही परत मागितलेला नाही.

पत्र इथेच थांबवते.

अनुराधामावशी


शारजा,
१५ जून २०२५

चि. सौ. शुभ्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रातला तिसरा मुद्दा लिहिताना माझे काय झाले हे तू ओळखले असशील. भातमळ्यावर त्या गृहस्थांनी केलेले विधान मी माझ्या हाताने, माझ्या शाईने लिहिले होते. तरी ते पत्र मी टपालात टाकले. फाडले असते तर आणखी एक लपवाछपवी झाली असती. अनन्येने माझे नाव खोडले ते योग्यच केले, असे तिला सांग.

बावीस मे रोजी मी सोनमला खोलीत बोलावले, कपाट उघडले आणि पासपोर्ट तिच्या हाती दिला. आधी ती आपला फोटो पाहून हसली. आपण किती बारीक होतो, असे म्हणाली. मग तिने तारीख पाहिली. मुदत तीन मार्चलाच संपली होती. ज्या सुरक्षिततेचा मी तुझ्याजवळ तोरा मिरवला तिचा अर्थ एवढाच, की पाच वर्षांत ते पुस्तक मी एकदाही उघडले नव्हते. आणि जिने उघडले असते तिच्या हाताशी ते नव्हते.

नव्या पासपोर्टला सहा आठवडे लागतात. तिने रजा मागितली त्याच दिवशी मी कपाट उघडले असते, तर तो मे अखेरीस आला असता आणि ती लग्नाला पोहोचली असती. माझ्या युक्तिवादात तिचे तेहतीस दिवस गेले. हा हिशेब मी अनेकदा करून पाहिला; तो चुकत नाही.

शार्दूलने गाडी काढली आणि आम्ही अबुधाबीला नेपाळच्या वकिलातीत गेलो. एकदा जाण्यापुरता कागद तातडीने मिळत होता, पण परतता न आल्यास नोकरी जाईल म्हणून सोनमने तो घेतला नाही. खिडकीतल्या माणसाने तिला विचारले की इतके दिवस पासपोर्ट होता कुठे. मी तोंड उघडण्यापूर्वीच ती म्हणाली की आपल्याचजवळ होता, आपणच विसरलो. तेवढे नेपाळी मला कळते. वर्गात एकही खोटे विधान पुढे जाऊ न देणारी मी शेजारी उभी राहिले आणि ते पुढे जाऊ दिले.

गाडीत मी तिला विचारले की असे का सांगितलेस. माझ्या मनात होते की ती म्हणेल, माझ्यावरच्या मायेने. तीदेखील मला तिच्याकडून हवी होती, पाहा. तिने हिंदीत शांतपणे सांगितले की मॅडमचे नाव निघाले असते तर तिच्याच व्हिसाला अडचण आली असती. मग मला एसी लागत नाही ना, असे विचारले.

दहा जूनला लग्न झाले. सोनमने सकाळीच सगळ्यांचा स्वयंपाक उरकला, नवी साडी नेसली, आणि ओट्यावर मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून उभी राहिली. फोनमधून वाजंत्र्यांचा आवाज येत होता. मुलगी दिसली तेव्हा तिने तोंडावर हात धरला. तिला एकटीला उभे राहावे लागू नये म्हणून मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. तिने हात जोडले आणि म्हणाली की मॅडमजी, आज नको. मग तिने आतून दार लावून घेतले.

त्या दाराला आतून कडी आहे हे मला ठाऊक नव्हते. मी खुर्ची जागेवर नेऊन ठेवली.

लोभ असावा असे लिहायचा परिपाठ आहे. या खेपेस किती ठेवायचा, ते तूच ठरव.

अनुराधामावशी