खळीचा रुमाल

कॅल्युमेट, मिशिगन
५ फेब्रुवारी १९११

ती. तिल्दाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आई गेल्याचं तुझ्या दोन ओळींवरून कळलं. तीन वर्षांत तुझं तेवढंच पत्र! ताई, किती दिवस धरून बसशील? तू लांबच्या कुरणात गवत कापायला गेली होतीस, नेस्तोरीदादानं इथून तुझ्यासाठी पाठवलेलं बोटीचं तिकीट टेबलावर होतं, आणि मी ते उचलून तुझ्या नावानं निघून आले. चुकलं. आता पाद्र्यापासून दुकानदारापर्यंत सगळे मला तिल्दाच म्हणतात. लग्नसुद्धा तुझ्याच नावानं लागलं.

एक मागते. आईच्या विरजणाचा रुमाल पाठव. दह्यात बुडवून वाळवलास की पाकिटात मावेल. इथलं दही आपल्या दह्यासारखी तार धरत नाही, निव्वळ पाणी. कारण विचारू नकोस, पण लवकर पाठव.

तुझा रागही गोड मानणारी,
हिलिया

कौहावा, फिनलंड
१२ मार्च १९११

चि. हिलिया हिस,
अ. उ. आ. (रिवाज म्हणून लिहिले.)

तिकीट पचवलंस, नाव पचवलंस, आता दहीही हवं? बोट दिलं की हात धरायचा, ही तुझी जुनीच खोड. आईचं सगळं अंथरुणातच होतं, ते मी काढलं. आणि तू माझ्या नावानं फुलांच्या टोप्या घालून फोटो काढतेस. शेजारची वाप्पू खवचटपणे विचारते, अमेरिकेतली तिल्दा कशी आहे म्हणून. मी म्हटलं, मजेत आहे मेली.

रुमाल सोबत आहे. चांगला कडक वाळलाय. कोमट दुधात भिजव आणि खा पोटभर.

तुला पुरती ओळखणारी,
तिल्दा

कॅल्युमेट
३० एप्रिल १९११

ती. ताईस,
सा. न.

रुमाल खळीत बुडवलास. तीन दिवस दूध चुलीमागे ठेवलं, वास आला तो बटाट्याचा. वा गं वा, चांगला सूड उगवलास!

ते दही माझ्यासाठी नव्हतं. दादाच्या छातीत खाणीची धूळ बसली होती. घशाखाली काही उतरेना, आईचं दही तेवढं मागायचा. आईच्या दुःखात तुला आणखी घोर नको, म्हणून कळवू देईना. तुझं खळीचं दूध त्यानं चमचाभर चाखलं, म्हणाला, तिल्दा अजून रागावलेलीच आहे, आणि खूप हसला. गुरुवारी गेला. त्याची हनुवटी मी तुझ्याच रुमालानं बांधली. वाळून पुन्हा कडक झाला होता, पक्का बसला.

सोबत तिकीट आहे. त्यानंच तुझ्यासाठी घेऊन ठेवलेलं. तुझ्या नावाची बाई इथे आधीच उतरलीय, म्हणून ते माझ्या खऱ्या नावावर काढलं. मी फाडणार होते. मग म्हटलं, नको, येऊच दे. बंदरापासून थडग्यापर्यंत सगळे तुला हिलिया म्हणतील. बघ कसं लागतं ते.

तुझ्याच नावाची,
तिल्दा

कौहावा
३ जून १९११

ती. तिल्दाताईस,
धाकट्या हिलियाचा शि. सा. न. वि. वि.

तो हसला, हे तेवढं लिहायला नको होतंस. खळ मी गाणं म्हणत शिजवली होती गं. हे आता कुणाला सांगू?

गाय वाप्पूला दिली. सोमवारी निघते. विरजणाचे तीन रुमाल पोटाशी बांधलेत, खरे. विश्वास नसेल तर चाटून बघ. पण तुला देईन असं समजू नकोस. पहिली वाटी दादाच्या थडग्यावर. दुसरी मी तुझ्यासमोर बसून खाईन, चमचा वाजवत, आणि तू नुसती बघायचीस.

तिसरीचं तिथे आल्यावर ठरवू. थोरलीनं धाकटीचं सगळं पोटात घालायचं असतं म्हणे. मी खूप घातलं. आता तू घाल.

तुझी धाकटी बहीण,
हिलिया